गाडीतला कॅमेरा आणि जीपीएस वापरून ड्रायव्हर सुरक्षित कसा ठेवावा: खान्देशातल्या गाडीमालकांसाठी

गाडीला जीपीएस बसतो, मालकाच्या मोबाइलवर ॲप येते, आणि महिन्याभरात त्याचा उपयोग 'गाडी कुठपर्यंत पोहोचली?' या व्यापाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यापुरता उरतो. तेवढ्याने अपघात कमी होत नाहीत. यंत्र रात्री जे दाखवते त्यावर सकाळी काहीतरी करावे लागते, आणि त्यातले बरेचसे काम ड्रायव्हरच्या नाही, मालकाच्या वाट्याचे असते.

आधी वेळेचा हिशेब

खरेदीच्या आधी हे करा. सावदा-रावेरहून दिल्ली साधारण ११०० किलोमीटर. घाट, टोल आणि गावे धरून केळीने भरलेल्या ट्रकला ताशी ४५ ची सरासरी मिळाली, तरी चाक सुमारे साडेचोवीस तास फिरते. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) घालून दिलेली मोजपट्टी दिवसाला ८ तास कामाची आणि ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीची होती. त्या हिशेबाने एकट्या ड्रायव्हरला ही फेरी तीन दिवसांची होते; दोघे आळीपाळीने चालवत असतील तर दीड दिवसाची. 'उद्या रात्री माल उतरवतो' असा शब्द एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर दिला असेल, तर कॅमेरा फक्त त्याच्या डुलक्या मोजत बसेल. केळी थांबत नाही हे खरे. त्यावर उपाय दोनच: दुसरा ड्रायव्हर द्या, नाहीतर कटाई आणि भरणी लवकर उरकून गाडी लवकर काढा. प्रत्येक नेहमीच्या मार्गाचा असा हिशेब कागदावर लिहून कार्यालयात लावा.

काय घ्यावे

पहिल्या टप्प्यात तीन गोष्टी पुरतात: जीपीएस ट्रॅकर, रस्त्याकडे पाहणारा डॅशकॅम आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा इन्फ्रारेड (अंधारातही पाहणारा) कॅमेरा. घेताना पुढच्या बाबी विचारून घ्या.

ट्रॅकर ९ ते ३६ व्होल्टवर चालणारा असावा, म्हणजे १२ व्होल्टची पिकअप आणि २४ व्होल्टचा ट्रक दोन्हींना तोच चालतो. नेटवर्क नसताना नोंदी साठवून ठेवणारा आणि रेंज आल्यावर पाठवणारा हवा. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ भागात याशिवाय नोंदींत मोठी भोके पडतात. डॅशकॅममध्ये लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे ना, हे नक्की पाहा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच आणि डॅशबोर्ड इतके तापतात की लिथियम बॅटरी फुगते.

मेमरी कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचेच घ्या, साधे कार्ड सतत लिहिले-पुसले गेल्याने काही महिन्यांत मरते. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर तासाला १.८ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांना ३.६ जीबी. १२८ जीबीच्या कार्डावर त्यामुळे साधारण ३५ तास मावतात, म्हणजे रोज दहा तास चालणाऱ्या गाडीचे तीन-साडेतीन दिवस. दिल्लीहून परतेपर्यंत जुने पुसले जाईल, म्हणून धक्का किंवा अलर्ट आला की तेवढा तुकडा आपोआप लॉक होण्याची सोय हवीच.

बसवताना

फिटिंग ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि समोर उभे राहा. तीन वायरी असतात: कायम चालू पॉझिटिव्ह, इग्निशन आणि अर्थिंग. पॉझिटिव्ह वायरीवर २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या बाजूला. अर्थिंग रंग खरवडून चेसीच्या उघड्या लोखंडावर. ट्रकला बॅटरी कटऑफ स्विच असतो. ट्रॅकरची वायर त्याच्या पुढून घेतली तर स्विच बंद होताच गाडी ॲपवरून गायब होते आणि ड्रायव्हरने वायर काढली असा नाहक संशय येतो. कॅमेऱ्याचा पार्किंग मोड चालू ठेवायचा असेल तर व्होल्टेज कटऑफ १२ व्होल्टच्या गाडीत १२.२ ला आणि २४ व्होल्टच्या गाडीत २४.४ ला लावा, नाहीतर दोन दिवस भरणीला थांबलेली गाडी सेल्फ घेणार नाही.

पुढचा कॅमेरा वायपर फिरतो त्या पट्ट्यात काचेवर चिकटवा. देवाचा फोटो, हार, गोंडे मध्ये येत असतील तर ते ड्रायव्हरलाच त्याच्या हाताने सरकवायला सांगा. आपण काढू नका. डोळे पाहणारा कॅमेरा ड्रायव्हरच्या चेहऱ्यापासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटरवर, स्टिअरिंगच्या आड येणार नाही असा. मग सपाट जागी गाडी उभी करून धक्का मोजणारा सेन्सर शून्यावर आणा. हे राहिले की प्रत्येक खड्डा 'अचानक ब्रेक' म्हणून नोंदला जातो.

केबिन हे ड्रायव्हरचे झोपायचे घरही आहे. इग्निशन बंद असताना आतला कॅमेरा बंद राहील अशी सेटिंग करा, आवाजाचे रेकॉर्डिंग कायम बंद ठेवा. काय रेकॉर्ड होते, कोण पाहते, किती दिवस ठेवले जाते हे मराठीत किंवा हिंदीत एका पानावर लिहून ड्रायव्हरची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. समजावून सांगणारा माणूस अहिराणीत बोलणारा असेल तर प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात.

मर्यादा कशा लावाव्यात

पहिले दोन आठवडे गाडीतला बझर बंद ठेवून फक्त नोंदी घ्या. त्यावरून कळते की कुठला अलर्ट खरा आणि कुठला रस्त्याचा दोष.

वेग: केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीला कमाल मर्यादा चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६०. मर्यादेच्या वर सलग २० ते ३० सेकंद राहिली तरच नोंद व्हावी, नाहीतर एका ओव्हरटेकचा अलर्ट येतो. अचानक ब्रेक: अवजड गाडीला ०.३ जी (जी हे धक्क्याचे माप) पासून सुरुवात करा. म्हणजे एका सेकंदात वेग ताशी १०-११ किलोमीटरने पडणे. लेन सोडल्याचा अलर्ट पांढरे पट्टे असलेल्या महामार्गावरच कामाचा. चोपडा-यावलच्या आतल्या रस्त्यांवर तो बंदच ठेवा, कारण खोटे अलर्ट ऐकून ऐकून माणूस खऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. सुरत-नागपूर महामार्ग पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे जाताना सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो. त्या तासाभराचे 'पुढची गाडी जवळ' अलर्ट फुटेज पाहिल्याशिवाय खरे मानू नका.

घाट

यावर सर्वात जास्त मेहनत घ्या. बिजासन, कोंडाईबारी, लळिंग: प्रत्येक उताराभोवती ॲपमध्ये जिओफेन्स (नकाशावरची हद्द) आखा आणि तिथे वेगाची वेगळी, कमी मर्यादा लावा. भरलेल्या ट्रकला ३० ठीक. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने अनेकांचे जीव घेतले.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे ही सवय कॅमेऱ्याला दिसत नाही, पण इंजिनाच्या आकड्यांत दिसते. ट्रॅकर गाडीच्या कॅन लाइनला (इंजिनाचे आकडे वाहून नेणाऱ्या वायरीला) जोडलेला असेल तर असा नियम लावा: वेग ३० च्या वर आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत चालू इंजिनाइतके, सलग १० सेकंदांपेक्षा जास्त. क्लच दाबल्यावरही क्षणभर असेच दिसते, म्हणून ते १० सेकंद. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळे वजन ब्रेक लायनरवर येते, ते तापतात आणि पकड सोडतात. ड्रायव्हरला हेही सांगा की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरले तर डिझेलची फवारणी जवळपास बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलचे डिझेल जळतच राहते. वाचवण्याचे कारणच उरत नाही. घाटमाथ्यावर थांबून एअर प्रेशर पाहणे आणि ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरणे, हा नियम लेखी द्या.

डुलकीचा अलर्ट आला की

कॅमेरा पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात ते मोजतो. ताशी ८० वर तीन सेकंदांत गाडी सुमारे ६७ मीटर जाते, म्हणून हा अलर्ट सर्वात वरचा. पहाटे २ ते ६ ही सर्वात वाईट वेळ, त्याखालोखाल जेवणानंतरची दुपार. उन्हाळ्यात गॉगल किंवा तोंडाला बांधलेल्या रुमालामुळे कॅमेऱ्याला चेहरा सापडत नाही. 'चेहरा दिसत नाही' असा अलर्ट आला तर आधी हेच विचारा.

अलर्ट पाहून चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला फोन कधीच करू नका. क्लीनर असेल तर त्याला करा, नसेल तर गाडी थांबेपर्यंत थांबा. नियम आधीच ठरलेला असावा: तासात दोन अलर्ट झाले की पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून २० मिनिटे झोप, आणि उशिराबद्दल व्यापाऱ्याशी मालक बोलेल. हे दुसरे वाक्य पाळले नाही तर पहिले कोणी पाळत नाही.

सकाळचे काम

रोज पंधरा मिनिटे. सगळे अलर्ट पाहू नका. डुलकी, मोबाइल, न्यूट्रल आणि घाटातला वेग एवढेच. ड्रायव्हर परतल्यावर दोन दिवसांच्या आत एकट्याला बसवून अलर्टच्या आधीच्या-नंतरच्या दहा-दहा सेकंदांचा एकच तुकडा दाखवा आणि आधी त्याला बोलू द्या. पुष्कळदा पुढे दुचाकी आडवी आलेली असते. तुलना करायची तर दर १०० किलोमीटरला किती घटना, अशी करा, नाहीतर जास्त चालवणाराच वाईट ठरतो. पगार कापू नका. कापलात की आठवड्यात लेन्सवर स्टिकर लागतो. उलट ज्याच्या नोंदी सुधारल्या त्याला महिन्याला बक्षीस द्या, आणि फुटेजमुळे ज्याच्यावरचा खोटा आळ टळला त्याची गोष्ट सगळ्यांना कळू द्या.

देखभाल थोडीच: दर आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने लेन्स पुसणे, महिन्याला कार्ड फॉरमॅट करणे, सिमची मुदत पाहणे. अपघात झालाच तर गाडी पुन्हा सुरू करण्याआधी कार्ड काढून दोन ठिकाणी प्रत करून ठेवा. एखाद्या मार्गावर वेगवेगळ्या ड्रायव्हरांना त्याच तासाला डुलकीचे अलर्ट येत असतील, तर ड्रायव्हर बदलू नका. भिंतीवरच्या कागदावरची निघण्याची वेळ बदला.