अकाराकडे जाण्याआधी वहीत मांडायचा हिशेब

डायब्लो २ हा संगणकावरचा खेळ २००० साली आला तेव्हा पात्राला एकदा दिलेले पॉइंट परत घेता येत नसत. ती सोय २०१० च्या १.१३ या पॅचने (खेळातल्या सुधारणेने) झाली. 'डेन ऑफ इव्हिल' ही पहिली कामगिरी संपवल्यावर अकारा ही खेळातली पुजारीण नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल या अवघडपणाच्या प्रत्येक पातळीवर एकदा, म्हणजे एकूण तीनदा, सर्व स्टॅट (ताकदीसारखे गुण) आणि स्किल (कौशल्ये) पॉइंट परत देते. न वापरलेली संधी बुडत नाही. कोपरखैरण्याच्या माझ्या भाच्याने मात्र पहिल्या दोन 'बघू तरी काय होते' म्हणत एका संध्याकाळीच संपवल्या.

म्हणून बटण दाबण्यापूर्वी हिशेब कागदावर मांडावा. मी तो ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली ते तुर्भे एवढ्या वेळात उरकतो. पात्राची लेव्हल वाढली की दर वेळी पाच स्टॅट पॉइंट आणि एक स्किल पॉइंट मिळतो. तिन्ही पातळ्यांवरच्या कामगिऱ्यांतून आणखी पंधरा स्टॅट आणि बारा स्किल पॉइंट येतात. सॉर्सरेसला, म्हणजे जादूगारणीच्या पात्राला, आगीच्या स्किलवरून ब्लिझर्ड या बर्फाच्या स्किलकडे वळवायचे असेल तर लेव्हल २४ पर्यंत थांबावे, कारण त्याआधी ब्लिझर्ड घेताच येत नाही. नंतर त्यात वीस पॉइंट भरून उरलेले आइस ब्लास्ट, ग्लेशियल स्पाइक आणि आइस बोल्टमध्ये टाकावेत, कारण ही तिन्ही स्किल ब्लिझर्डचा मारा वाढवतात.

खरी चूक होते ती स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीच्या स्टॅटमध्ये. समजा, 'स्पिरिट' हा रूनवर्ड (ठरावीक क्रमाने बसवायच्या रून-खड्यांचा संच) मोनार्क नावाच्या ढालीत बसवला आहे. त्या ढालीला १५६ स्ट्रेंग्थ लागते आणि सॉर्सरेसकडे मुळात १० असते. अंगठ्या आणि पट्ट्यातून ३० मिळत असतील तर स्वतःचे ११६ पॉइंट टाकून भागते. पण पुढे त्यांतली एखादी अंगठी बदलली की ढाल लाल होते आणि तिचा उपयोग थांबतो, हे ध्यानात ठेवून कायमच्या वस्तूंचीच बेरीज धरावी. बाकीचे सर्व स्टॅट पॉइंट व्हायटॅलिटीत, म्हणजे जीवनशक्तीत, टाकावेत. एनर्जीला (जादूच्या शक्तीला) माझ्या मते पॉइंटच्या या मांडणीत काहीही देऊ नये.

तिन्ही संधी संपल्यास पॉइंट पुन्हा परत मिळवून देणारे 'टोकन ऑफ ॲब्सोल्यूशन' करता येते. त्यासाठी हेल पातळीवर खेळातले मोठे राक्षस अँडॅरिएल किंवा ड्युरिएल, तसेच मेफिस्टो, डायब्लो आणि बेल यांच्याकडून एकेक, अशी चार वेगवेगळी एसेन्स (मारल्यावर पडणाऱ्या वस्तू) मिळवून होराड्रिक क्यूब या वस्तू मिसळण्याच्या पेटीत एकत्र करावी लागतात. भाचा सध्या बेलच्या मागे आहे.