सोलापूर स्वस्त की पुणे? घरखर्चाची तुलना अशी करा

मे-जून आला की पुण्याला बदली झालेलं कुणीतरी दारात येतं. 'तिकडं किती लागतील हो महिन्याला?' कांदा-बटाट्याचे दोन भाव विचारून याचं उत्तर मिळत नाही. दोन घरांच्या खर्चाच्या वह्याच समोर लागतात.

घरं सारख्या मिळकतीची घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातलं विडी कामगाराचं घर आणि कोथरूडचं नोकरदार घर शेजारी ठेवून काही कळायचं नाही. किराणा, दूध, भाजी, भाडं, वीज, पाणी, फी, औषधं, प्रवास अशी खाती पाडा. हे कुणालाही जमतं.

घोळ होतो तो मुदतीत. पहिल्यांदा मी आमची फेब्रुवारीची वही आणि पुण्याच्या मेहुण्याची ऑक्टोबरची वही घेतली, तर सोलापूर महाग निघालं! बायको हसली. फेब्रुवारीत आम्ही वर्षाची ज्वारी भरली होती, दोन क्विंटल मालदांडी, ८,४०० रुपये. ती सगळी एकाच महिन्याच्या डोक्यावर बसली होती. खरं तर महिन्याला ७००च धरायला हवे होते. मेहुण्याच्या वहीत उलटं झालेलं. मुलांची फी जूनमध्येच भरलेली, म्हणून ऑक्टोबर हलका. 'कुठलाही एक महिना घ्या' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. घरखर्चाच्या सरकारी पाहणीतही भाजी, अंडी, मसाल्यांचा खर्च ७ दिवसांचा विचारतात, कपडे आणि फीचा ३६५ दिवसांचा, मग सगळं महिन्यावर आणतात. तुम्हीही तेच करा. धान्य, फी, विम्याचा हप्ता, दिवाळीचे कपडे, गड्ड्याच्या जत्रेतली खरेदी, सगळ्याला १२ने भागा.

आणि गावाकडून आलेलं पोतं फुकट धरू नका. मंगळवेढ्याहून भावानं ज्वारी पाठवली तरी गावातल्या बाजारभावानं तिची किंमत लिहा. यावर लोक माझ्याशी भांडतात. पण पुण्यात गेल्यावर तीच ज्वारी दुकानातून आणावी लागली, की मगच पटतं.

मग माणसांनी भागा. २०२३-२४च्या त्याच सरकारी पाहणीत देशाची महिन्याची सरासरी शहरात ६,९९६ आणि खेड्यात ४,१२२ रुपये आली. 'एवढ्यात घर कसं चालतं?' म्हणून लोक हसतात. अहो, तो आकडा दरडोई आहे, घराचा नव्हे! चार माणसांचं शहरी घर धरलं तर २७,९८४ होतात. घरोघरची माणसं कमीजास्त असतात, म्हणून अख्ख्या घराचा आकडा दुसऱ्या घराशी लावायचाच नाही.

भाड्याचं मात्र जपून. त्या सरकारी सरासरीत स्वतःच्या घराचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर द्यावं लागलं असतं ते, धरलेलं नसतं. जुळे सोलापुरात स्वतःचं घर आणि पुण्यात भाड्याचं, असं असेल तर दोन बेरजा मांडा, एक भाड्यासकट आणि एक भाड्याशिवाय. दुसरीत फरक बराच आटतो, हे मी पुष्कळ वह्यांत पाहिलंय. भाजी-किराण्याला लोक उगाच शिव्या देतात.

शेवटी पुण्याच्या वहीत सोलापूरच्या फेऱ्यांचं खातं घाला. हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं त्यात येतातच. परतताना पिशवीत कोंबलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीसुद्धा तिथंच लिहायची. पैसे सोलापुरात दिले असले तरी खाणारं घर पुण्याचं आहे.