डोंगरातली रहस्यकादंबरी: खऱ्या घटनेतून नेमकं काय घ्यायचं

डोंगरात घडणारी रहस्यकादंबरी लिहायची असेल, तर गुन्हेगार कोण हे आधी ठरवत बसू नका. आधी एखादी खरी घटना घ्या आणि तिच्यात कुणीच काही पाहिलं नाही असा काळ शोधा.

मला हे नंदादेवीच्या प्रकरणानं शिकवलं. १९६४ मध्ये चीननं लोप नोरला पहिला अणुस्फोट केला. अशा चाचण्यांवर पाळत ठेवायला १९६५ मध्ये सीआयए आणि भारताचं गुप्तचर खातं यांनी मिळून ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं यंत्र चढवायचं ठरवलं. एम. एस. कोहली मोहिमेचे नेते होते. ऑक्टोबरात हिमवादळ आलं. माणसं वाचवायची म्हणून यंत्र वरच्या छावणीत बांधून ठेवून सगळे खाली उतरले. १९६६ मध्ये परत गेले, तर यंत्र जागेवर नव्हतं. अजूनही ते सापडलेलं नाही.

बहुतेक लेखक यातून अणुयंत्र उचलतील. मी मधला हिवाळा उचलला. वर जाता येत नाही, साक्षीदार नाही, आणि जे ठेवलं ते तिथेच असणार अशी सगळ्यांची खात्री. तुमच्या ओळखीच्या डोंगरात असा बंद काळ कुठला ते बघा. मी लिहितेय त्या कादंबरीत तो पावसाळा आहे. हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याहून नळीची वाट चढते. तिच्याबद्दल गावातल्या एका मामांना विचारलं, तर ते म्हणाले, पावसात ती वाट राहतच नाही, तिथून पाणी उतरतं. माझं अख्खं कथानक त्या उत्तरावर उभं आहे. नकाशात हे दिसत नाही, म्हणून विचारायला जाच.

मग लोक काय मानतात ते टिपा. ७ फेब्रुवारी २०२१ ला नंदादेवीच्या बाजूनं येणाऱ्या ऋषीगंगेला पूर आला, तेव्हा रैणी गावातल्या काहींना त्या हरवलेल्या यंत्राचा संशय आला. शास्त्रज्ञांना आढळलं ते वेगळंच: रोंटी शिखराचा खडक आणि बर्फ मिळून प्रचंड मोठा भाग तुटून खाली आला होता. खरं कारण तुम्हाला पक्कं ठाऊक हवं, पण पात्रांना संशयावरच चालू द्या. पंचावन्न वर्षं जुनी भीती माणसाला काय करायला लावते, यात कादंबरीचा जीव आहे.

घटना उघडकीला कोण आणतं, हेही खऱ्या घटनांतून शिका. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, आणि त्यानं बाहेर खबर दिली. रोज ठरल्या वेळी येणारा माणूस असा शोधा: दूधवाला, टपालवाला, शाळेचे गुरुजी. मात्र इथे हात आखडता घ्या. माळीणमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यांची आडनावं, घरं, शेवटचे क्षण आपल्या थरारासाठी वापरायचा हक्क आपल्याला नाही. खबर कशी बाहेर आली तेवढंच घ्या, आणि गाव, साल, माणसं सगळं नवं रचा.

बारकावे जागेवरूनच आणा. मोबाइलला रेंज कुठे येते, टाक्यातलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, धुक्यात हाक किती लांब पोचते. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी फुलते. पहिल्या प्रकरणात ती फुललेली दाखवा आणि पुढे कधीतरी पुन्हा फुललेली. मध्ये किती काळ गेला हे साल न लिहिता कळतं.

गडाला कल्पित नाव दिलंत तरी कडे, टाकी आणि वाटा एकाच खऱ्या गडाच्या ठेवा. दोन-तीन गडांची मिसळ केली की चढा-उतरायच्या वेळा चुकतात, आणि भटक्या वाचकाला ते पहिल्या चढाईतच कळतं.