एकाच कानाने कमी ऐकू येतंय? मग या चुका टाळा

"आता वय झालं, कमी ऐकू यायचंच!" कानाच्या चाचण्या घेताना हे वाक्य रोज कानावर पडतं. अहो, वय दोन्ही कानांचं बरोबरच होतं ना? एकच कान मागे पडत असेल, त्याच कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा दडा बसल्यासारखं वाटत असेल, तर कारण शोधायलाच हवं. त्या कारणांपैकी एक म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा. ही गाठ कर्करोगाची नसते. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातल्या, ते आवरण बनवणाऱ्या 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींपासून ती तयार होते आणि बहुधा आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या अरुंद बोगद्यात सुरू होते. ऐकण्याची आणि चेहऱ्याची नसही त्याच बोगद्यातून जाते. एक कान मंद असलेल्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये अशी गाठ सापडत नाही, हे आधीच सांगते. नाहीतर अर्धे वाचक आज रात्री झोपायचे नाहीत.

"ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार उडवून लावणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एक शिक्षिका आल्या होत्या. "डाव्या कानाला फोन लावला की समोरचा माणूस गुळण्या करत बोलतोय असं वाटतं," म्हणाल्या. मळ काढून झाला होता, थेंब घालून झाले होते. दुसरीकडे काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, सोबत होता: डावीकडे वरच्या स्वरांना थोडी घट, खाली शेरा 'सौम्य, काळजीचं कारण नाही'. शब्दांची चाचणी मात्र कुणी घेतलीच नव्हती. मी घेतली. उजव्या कानाने जवळजवळ सगळे शब्द बरोबर सांगितले. डावीकडे 'पान'चं 'कान' झालं, 'माळ'चं 'बाळ' झालं, निम्मे शब्द चुकले. आवाज वाढवला, तर आणखी चुकले! आवाज वाढवल्यावर शब्द जास्त बिघडले, की मला नसेचा संशय येतो. एमआरआयमध्ये डावीकडे गाठ निघाली, अजून बोगद्यातच होती.

ही चाचणी काही मिनिटांची असते. "बाहेर गर्दी होती" हे ती वगळण्याचं कारण मला आजवर पटलेलं नाही.

मास्किंगचा कंटाळा

हे चाचण्या घेणाऱ्या नवशिक्यांसाठी. मंद कान तपासताना चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. साध्या हेडफोनमधला आवाज 40 डेसिबलच्या आसपास गेला की कवटीतून पलीकडे पोचू शकतो. हाडावर लावलेल्या व्हायब्रेटरचा तर जवळपास तसाच्या तसा पोचतो. मास्किंग केलं नाही, तर पार निकामी कानही आलेखावर मध्यम दिसतो. वर हाडाची रेघ (व्हायब्रेटरने घेतलेल्या चाचणीची) चांगली आली म्हणून दोष मधल्या कानाचा ठरतो आणि पेशंट भलत्याच वाटेला लागतो. ज्या ऑडिओग्रामवर मास्किंगच्या खुणा नाहीत, तो मी बाजूला ठेवते आणि चाचणी पहिल्यापासून करते. शेजारच्या दोन फ्रीक्वेन्सींवर दोन कानांत 15 डेसिबल किंवा जास्त फरक दिसला आणि त्याचं दुसरं कारण सापडलं नाही, की ईएनटीकडे चिठ्ठी जाते.

बाकीच्या चुका

गरगरण्याची वाट पाहणं. गाठ हळू वाढते आणि मेंदू सावरून घेत राहतो, त्यामुळे जोराची भोवळ क्वचितच येते. अंधारात चालताना तोल जातो, एवढंच.

चेहरा बधिर व्हायची वाट पाहणं. ते सहसा गाठ मोठी झाल्यावर होतं.

अचानक गेलेलं ऐकणं स्टिरॉइडच्या औषधाने परत आलं म्हणून एमआरआय रद्द करणं. गाठ असली तरी ऐकणं काही काळ परत येऊ शकतं. आणि एक कान अचानक बंद पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरगुती तेल घालत बसू नका.

चुकीचा स्कॅन. सीटीत लहान गाठ निसटते, बेरा चाचणीतही (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) 1 सेंटिमीटरहून लहान गाठी चुकतात, आणि साध्या ब्रेन एमआरआयचे काप जाड असतात. चिठ्ठीवर बोगद्याचा बारीक कापांचा एमआरआय लिहिलाय का, ते बघा. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. मूत्रपिंडाचा त्रास किंवा शरीरात पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

तपासणीआधीच ऑनलाइन श्रवणयंत्र मागवणं. या शॉर्टकटबद्दल न बोललेलंच बरं.

दोन्ही बाजूंना गाठी किंवा ऐन तरुण वयात गाठ असेल, तर एनएफ-2 या आनुवंशिक आजाराचा विचार करावाच लागतो.

गाठ सापडली की घाबरून लगेच ऑपरेशनची तारीख मागणारेही भेटतात. सरासरी वाढ वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि कित्येक गाठी वाढतही नाहीत. म्हणून लहान गाठीवर बऱ्याचदा फक्त लक्ष ठेवतात: साधारण 6 महिन्यांनी पुन्हा एमआरआय, मग वर्षातून एकदा. हा दुसरा एमआरआय बुडवणारे पेशंट पहिला टाळणाऱ्यांइतकेच मला छळतात.