छत गळतंय आणि हातात पैसे नाहीत: आधी काम छोटं करा, मग उधारीचं बघा

जूनची पहिली मोठी सर आली आणि आमच्या भांडुपच्या बैठ्या चाळीतल्या खोलीत पंख्याच्या वायरीवरून पाणी उतरायला लागलं, बोर्डाला हात लावला तर झिणझिण्या. मिस्त्री आला, खालूनच वर बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला सगळे पत्रे काढायला लागतील ताई, ३८,००० होतील. घरात होते साडेचार हजार, त्यातून गॅस आणि पोराची फी जायची होती. त्या पावसाळ्यापुरतं काम शेवटी ६,२०० मध्ये निभावलं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी पैशाचा विचार सोडा आणि मेन स्विच बंद करा, कोरड्या हातानं, पायात रबरी चप्पल घालून. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं, मीटरनंतरची वायर आपली, त्यामुळे मीटरजवळ किंवा खांबावर ठिणग्या दिसत असतील तर वायरमनला पैसे देऊ नका, कंपनीला फोन करा (भांडुप-मुलुंडला महावितरण, १९१२). भिंत झुकली, स्लॅबचा तुकडा पडला असं काही असेल तर १९१६, महापालिकेचा आपत्कालीन नंबर, आणि पोरांना घेऊन बाहेर.

आता गळतंय नेमकं कुठून ते शोधा, कारण मिस्त्रीला ते शोधण्यात रस नसतो. दिवसा आतली लाईट बंद करून वर बघितलं की भोकातून उजेड दिसतो, तिथून झाडूची एक काडी वर सरकवायची, म्हणजे वर चढणाऱ्याला नेमकी जागा कळते. आमच्याकडे अशा चार काड्या वर आल्या. दोन पत्र्यांना तडा होता आणि बाकी दोन ठिकाणी फक्त जे-हुकचे (पत्रा धरून ठेवणारे वाकडे बोल्ट) वॉशर सडलेले, म्हणजे आठ पत्र्यांतले दोनच बदलायचे होते! ओल्या सिमेंटच्या पत्र्यावर स्वतः चढू नका मात्र, पाय टाकला की पत्रा फुटतो आणि माणूस थेट खाली. चढणाऱ्यालासुद्धा आडवी फळी टाकायला सांगा.

म्हणजे कामाचे दोन भाग झाले, जे आज नाही केलं तर जीव किंवा धान्य जाईल ते, आणि जे ताडपत्रीवर ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतं ते. पैसे फक्त पहिल्या भागाचे जमवायचे.

आणि त्याआधी एक प्रश्न, हा खर्च खरंच तुमचा आहे का? एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) किंवा कुठल्याही सोसायटीच्या बिल्डिंगमध्ये गच्चीतून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं, आदर्श उपविधीतच आहे, तेव्हा सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर सही-शिक्का घ्या, तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही. लालबाग-परळसारख्या जुन्या पागडीच्या चाळीत असाल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकावर आहे, नोटीस देऊन १५ दिवसांत नाही केली तर आपण करून भाड्यातून कापू शकतो. ऐकायला छान वाटतं, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच कापता येतं. माझ्या आत्याचं भाडं महिना १५०, म्हणजे वर्षाचे १८०० आणि कापायचे ४५०, त्यात सिमेंटचं एखादं पोतं येईल. म्हणून उपकरप्राप्त बिल्डिंग (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी बिल्डिंग) असेल तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करायचा, उपकर भरतोय तो त्याचसाठी.

आमच्यासारखी स्वतःची खोली असेल तर मात्र सगळं आपल्यालाच. मी ज्या क्रमानं गेले तो सांगते. पहिलं, कामावर उचल मागितली, २,००० मिळाले, दोन पगारांत कापून घेतले, व्याज नाही. मग भिशी, नंबर माझा नव्हता पण जिचा होता तिच्याशी अदलाबदल केली. बचत गटात महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४ पडतं, स्वस्त नाहीच, पण व्याज गटातच राहतं. पतपेढीत मेंबर असाल तर तिथे विचारा. सोनं असेल तर विकू नका, बँकेत ठेवून कर्ज घ्या आणि वजनाची पावती नीट वाचून घ्या.

चाळीत कुणी ना कुणी १० टक्के महिन्यानं द्यायला तयार असतोच, अगदी रात्री अकराला. दहा हजाराला महिना हजार नुसतं व्याज, दहा महिन्यांत दहा हजार भरून झाले तरी मुद्दल जसंच्या तसं. परवाना नसताना सावकारी करणं २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मोबाईलवरचं लोन ॲप कॉन्टॅक्ट आणि फोटोची परवानगी मागत असेल तर तिथेच डिलीट करा, आरबीआयच्या नियमात ते बसत नाही. देणारी बँक किंवा कंपनी कोण आणि सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर किती, हे आधी लेखी दिलं पाहिजे. धमक्या सुरू झाल्या तर १९३०, सायबर गुन्ह्यांची हेल्पलाईन.

पैसे देतानाची माझी चूक ऐका. मागच्या वर्षी मोरी फुटली होती तेव्हा एकाला सामान आणि मजुरी धरून ५,००० आगाऊ दिले, तो फोन उचलायचाच बंद झाला. तेव्हापासून सामान मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून आणते, पक्कं बिल घेऊन, मिस्त्रीला फक्त मजुरी, आणि काय काम, किती दिवस, किती पैसे ते व्हॉट्सॲपवर लिहून घेते. नाक्यावरून माणूस आणलात तरी हेच करा. एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि वायर मात्र आयएसआय मार्कचीच घ्या, दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आणि हो, पत्रा बदलताना "एवढं काढलंच आहे तर दोन फूट वर घेऊ" म्हणणारे शेजारी भेटतील, त्यांचं ऐकू नका, महापालिकेचे वॉर्डवाले आले की दुरुस्तीसकट सगळं जातं.

मजुरीतले हजार मी मिस्त्रीला न देता पाऊस पडेपर्यंत माझ्याकडेच ठेवले होते. तो कुरकुरला, पण तीन दिवसांनी रात्रभर पाऊस झाला, एका वॉशरमधून अजून ठिपकत होतं, सकाळी येऊन त्यानं घट्ट केलं आणि पैसे घेऊन गेला. उरलेले सहा पत्रे दिवाळीच्या आधी बदलले, त्याच माणसानं, आणि तेव्हा ३८,००० चा विषय त्यानं काढलासुद्धा नाही.