स्केचअपची लायब्ररी लावताना: फाइल आत घेण्याआधीचं काम

माझं काम घरांच्या आतल्या मांडणीचं. कपाटं, टेबलं, दिवे, नळ, दारं, खिडक्या. दर नव्या मॉडेलमध्ये त्याच त्या वस्तू पुन्हा आणाव्या लागतात, म्हणून स्केचअप या थ्रीडी मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरसाठीची माझी लायब्ररी, म्हणजे तयार वस्तूंच्या फाइलींचा साठा, मी जिवापाड जपते. लायब्ररी लावायची म्हणजे फोल्डर पाडायचे, असं बहुतेकांना वाटतं. फोल्डर एका बैठकीत लागतात. खरी परीक्षा पुढे असते: फाइल ओढून मॉडेलमध्ये सोडली की त्यानंतर तुम्हाला काय काय करावं लागतं? वस्तू जागच्या जागी बसली, मापात असली, तिचं तोंड बरोबर दिशेला असलं आणि तिने सोबत नको ते सामान आणलं नाही, तर लायब्ररी कामाची. दर वेळी फिरवा, सरकवा, मोजा करावं लागत असेल, तर ती नुसती साठवण.

म्हणून सगळ्यात आधी लायब्ररीच्या बाहेर एक फोल्डर करा. मी त्याला ‘आवक’ म्हणते. थ्रीडी वेअरहाऊसवरून (तयार मॉडेलांच्या ऑनलाइन साठ्यावरून) उतरवलेली, कुणी पाठवलेली किंवा जुन्या कामातून काढलेली प्रत्येक फाइल आधी आवकमध्ये पडते आणि तपासल्याशिवाय पुढे जात नाही. प्रेफरन्सेसमध्ये ‘फाइल्स’खाली कंपोनंटसाठी (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार वस्तूंसाठी) जो मार्ग द्यायचा, तो लायब्ररीचा, आवक त्या मार्गाच्या आत नको. घाईच्या वेळी हात अर्धवट फाइलीकडे जाऊच नये.

तपासणी करताना आवकमधली फाइल दुसऱ्या मॉडेलमध्ये ओढू नका, तिची तीच उघडा. याला कारण आहे. पहिली तपासणी मापाची असते. टेप मेझर टूलने माहीत असलेलं एखादं अंतर मोजायचं, उदाहरणार्थ खुर्चीच्या बैठकीची उंची. ती ४५० मिलिमीटरच्या आसपास हवी आणि आकडा भलताच आला, तर दोन टोकांवर क्लिक करून खरं माप टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. स्केचअप विचारतं, मॉडेलचं माप बदलू का? हो म्हणायचं. बाहेरून आणलेल्या कंपोनंटला ही युक्ती लागू होत नाही, कारण मॉडेलचं माप असं बदललं तरी बाहेरच्या फाइलीतून आलेले कंपोनंट आहे त्याच मापाचे राहतात. त्यामुळे हे काम मूळ फाइलीतच उरकावं.

आता अक्ष, म्हणजे वस्तूची जागा आणि दिशा ठरवणाऱ्या लाल, हिरव्या आणि निळ्या रेषा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं मी आग्रहाने सांगते. फाइल दुसऱ्या मॉडेलमध्ये आणली की ती कर्सरला जिथे धरलेली असते, तो बिंदू म्हणजे तिच्या अक्षांचा आरंभबिंदू. तो वस्तूपासून दोन मीटर लांब असेल, तर वस्तूही कर्सरपासून दोन मीटर लांब लोंबकळते. हा बिंदू कुठे असावा, हे वस्तू प्रत्यक्षात कशाला टेकते यावर ठरवा. टेबल-खुर्ची जमिनीला टेकते, म्हणून तळाच्या पातळीवर, मधोमध. भिंतीवरचं कपाट शेजारच्या कपाटाला चिकटून बसतं, म्हणून मागचा, डावा, खालचा कोपरा. मग एकाच्या कोपऱ्याला दुसरं पकडलं की ओळ आपोआप लागत जाते. छताला टांगलेल्या दिव्याचा बिंदू वर, जिथे तो छताला लागतो तिथे. नळाचा बिंदू त्याच्या खालच्या भोकाच्या केंद्रात, ओट्याच्या पृष्ठभागाच्या पातळीवर. दिशेचा नियम एकच: फ्रंट व्ह्यू घेतला की वस्तूचं तोंड दिसलं पाहिजे. सगळ्या फाइलींत हे सारखं असलं की वस्तू कुठल्या कोनात फिरवायची हे डोळे मिटूनही कळतं.

दारं-खिडक्या या नियमाला अपवाद आहेत, आणि इथेच लोक अडतात. भिंतीला चिकटणारा कंपोनंट आपल्या लाल-हिरव्या अक्षांच्या प्रतलाने चिकटतो. म्हणजे खिडकीच्या फाइलीत खिडकी उभी नको. ती जमिनीवर आडवी, तोंड वर करून ठेवायची. लाल-हिरवं प्रतल भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी जुळवायचं आणि निळा अक्ष भिंतीतून बाहेर येईल असा ठेवायचा. मग मॉडेल इन्फोमध्ये ‘फाइल’खाली ‘ग्लू टू’ निवडायचं आणि ‘कट ओपनिंग’वर खूण करायची. आता ती भिंतीवर ठेवताच भोक पडतं. मात्र भोक पडतं ते ज्या पृष्ठभागाला ती चिकटली आहे त्या एकालाच. जाडी असलेल्या भिंतीची आतली बाजू आपल्यालाच कापावी लागते. नव्याने शिकणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर आपलीच खिडकी बिघडली आहे असं समजून तो तासभर शोधत बसतो.

अक्ष लागले की आतलं सामान बघायचं. उतरवलेल्या फाइलीत दिसतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त भरलेलं असतं. मॉडेलमधून वस्तू पुसली तरी तिची व्याख्या फाइलीत राहते, न वापरलेली मटेरियल राहतात, परके टॅगही (वस्तू गटाने दाखवण्या-लपवण्यासाठीच्या खुणा) राहतात, आणि त्यातलं बरंच काही तुमच्या मॉडेलमध्ये येतं. मॉडेल इन्फोमधल्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये जाऊन ‘पर्ज अनयूज्ड’ करा, म्हणजे न वापरलेलं निघून जातं. टॅगच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: सगळ्या कडा आणि पृष्ठभाग ‘अनटॅग्ड’वर, टॅग फक्त ग्रुपला किंवा कंपोनंटला, आणि तोही आमच्या ठरलेल्या यादीतला. (२०२० च्या आवृत्तीच्या आधी टॅगना लेयर म्हणत आणि ‘अनटॅग्ड’च्या जागी ‘लेयर झीरो’ असायचा, म्हणून जुन्या सूचना वाचताना गोंधळू नका.)

फाइलीचं वजन कुठून येतं, हे दोन ठिकाणी पाहावं. पहिलं ठिकाण म्हणजे पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं, म्हणजे टेक्स्चर. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं लाकडाचं टेक्स्चर ग्राफिक्स कार्डच्या स्मृतीत उलगडलं की सुमारे ६४ एमबी जागा घेतं. तेच १०२४ बाय १०२४ केलं तर ४ एमबी. बाजू चौथाई केली की जागा सोळाव्या हिश्श्यावर येते. खोलीच्या कोपऱ्यातल्या स्टुलाला मोठं टेक्स्चर लागत नाही. दुसरं ठिकाण गोलाई. स्केचअपचं वर्तुळ न सांगता २४ बाजूंचं होतं. पातळ दांडीच्या हँडलला आठ बाजू पुरतात, आणि एका स्वयंपाकघरात अशी हँडलं डझनावारी लागतात. कप्प्याच्या आतले स्क्रू, बिजागरीचे वेटोळे, खुर्चीखालच्या टोप्या, जे दिसणारच नाही ते मी काढून टाकते. शेवटी व्ह्यू मोनोक्रोम करून (मटेरियलचे रंग न दाखवता) एक फेरी मारते. जिथे निळसर-करडा पृष्ठभाग दिसेल तिथे उलटी बाजू बाहेर आली आहे. तो रिव्हर्स करायचा, कारण काही रेंडरर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढणारी सॉफ्टवेअर) उलट्या बाजूचं मटेरियल चुकीचं दाखवतात.

झाडं, पडदे, उशा या मुळातच जड असतात. त्यांच्या मी दोन फाइली ठेवते, एक साधी आणि एक तपशिलाची, आणि दोघींचे अक्ष तंतोतंत एकाच जागी. मांडणी करताना साधी वापरायची. चित्र काढायची वेळ आली की कंपोनंटवर राइट-क्लिक, ‘रीलोड’, आणि तपशिलाची फाइल निवडायची. त्या कंपोनंटच्या जितक्या प्रती असतील तितक्या जागच्या जागी बदलतात. अक्षांवर घालवलेला वेळ इथे वसूल होतो.

नाव. प्रकार, उपप्रकार, रुंदी, खोली (डेप्थ), उंची, या क्रमाने: ‘कपाट_भिंत_दोनदारी_६००_३२०_७२०’. मापं नेहमी मिलिमीटरमध्ये. फाइल ज्या कामासाठी केली त्याचं नाव कधीच घालू नये, कारण वर्षभराने ते कुणाला आठवत नाही. ‘नवीन’, ‘फायनल’ हे शब्दही नकोत. इथे मी देवनागरीत लिहिलं आहे. प्रत्यक्षात फाइली आणि फोल्डर रोमन अक्षरांत ठेवा, कारण काही प्लगइन देवनागरी नाव आलं की अडतात. सेव्ह करण्यापूर्वी बाकी काही न दिसता वस्तू पडदाभर येईल असं करा. छोट्या चित्रात सहसा तेच दृश्य उतरतं, आणि हात चालतो तो त्या चित्राकडे बघून.

फोल्डरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वस्तूच्या प्रकारानुसार करा, खोलीनुसार नको. टेबल कुठल्याही खोलीत जातं. दोन पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नका. रोज लागणारा फोल्डर कंपोनंट पॅनलमध्ये ‘ओपन ऑर क्रिएट अ लोकल कलेक्शन’ने उघडून आवडत्यांत घालून ठेवा. अनेक जण वापरत असतील, तर लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्यावा आणि बाकीच्यांनी आवकमध्ये टाकावं. कोण कुठली आवृत्ती वापरतं तेही विचारून घ्या: २०२१ पासूनच्या आवृत्त्या एकमेकींच्या फाइली उघडतात, त्याआधीच्या आवृत्तीत नवी फाइल उघडत नाही.

आता दुरुस्तीचा प्रश्न. मॉडेलमध्ये आणलेला कंपोनंट ही लायब्ररीतल्या फाइलीची प्रत असते, त्यांच्यात जिवंत दुवा नसतो. लायब्ररीत बदल केला तरी जुनी कामं जशीच्या तशी राहतात, आणि मला ते योग्यच वाटतं. मंजूर झालेल्या रेखाटनातलं कपाट परस्पर बदलायला नको. त्यामुळे चूक दुरुस्त केली तर त्याच नावाने सेव्ह करा, पण माप किंवा रचना बदलली तर नाव नवं द्या. तरीही चालू कामात जुनी प्रत असताना दुरुस्त केलेली फाइल आणली की ‘इन मॉडेल’ यादीत तिच्या नावापुढे ‘#१’ लागलेलं दिसेल. तसं दिसलं की थांबा. जुन्या कंपोनंटवर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट इन्स्टन्सेस’ करा, मग नव्यावर राइट-क्लिक करून ‘रिप्लेस सिलेक्टेड’. सगळ्या प्रती बदलल्यावर पुन्हा पर्ज करा आणि ‘#१’ काढून मूळ नाव परत द्या.