अमेरिकेतल्या छोट्या गावाच्या शाळांचा इतिहास कसा शोधावा

सुरुवात जमिनीपासून करा. १७८५ च्या कायद्याप्रमाणे मोजणी झालेल्या भागात टाउनशिपचे (सहा मैल बाजूच्या चौरस भूभागाचे) ३६ चौकोन पडत, त्यातला १६ वा शाळेसाठी राखीव. शाळा तिथेच होती असं मात्र धरू नका; ती जमीन बरेचदा विकून किंवा भाड्याने देऊन पैसा उभा केला जाई.

मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर सॅनबॉर्न कंपनीचे आगविमा नकाशे उघडा; विमा कंपन्यांसाठी काढलेल्या या नकाशांत गावातली एकेक इमारत दिसते. गुलाबी रंग विटांच्या इमारतीचा, पिवळा लाकडीचा. पुढच्या आवृत्तीत पिवळ्याच्या जागी गुलाबी दिसला, तर नवी इमारत दरम्यान झाली.

खरा घोळ नावांचा. एकखोली शाळा एकत्र केल्या की डिस्ट्रिक्टचे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाचे) क्रमांकही बदलत. म्हणून काउंटीच्या जुन्या नोंदी जागेवरून जुळवा, नावावरून नको.